वाढलेला सीक्वल आणि मुरलेला सीक्वल

स्टायलिश ॲक्शन गेमचा, म्हणजे जिथे नुसतं जिंकण्याइतकंच डौलात लढणंही महत्त्वाचं असतं अशा गेमचा, पुढचा भाग जाहीर झाला की पहिल्या दिवसापासून तेच प्रश्न सुरू होतात. शस्त्रं किती? मूव्ह्ज, म्हणजे लढायचे डाव, किती वाढल्या? कॅरेक्टर्स किती? उत्तरातले आकडे मोठे असले की लोक गेमला ‘डीप’ म्हणून मोकळे होतात. गेली कित्येक वर्षं हा घोळ बघून मी वैतागलोय. सीक्वल वाढणं वेगळं आणि सीक्वल मुरणं वेगळं. बरणीत कैरीच्या फोडी जास्त कोंबल्या म्हणून लोणचं मुरत नाही.

फरक दाखवायला लांब जायला नको. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या एकाच मालिकेत दोन्ही नमुने शेजारी शेजारी आहेत. ‘डेव्हिल मे क्राय २’ आला जानेवारी २००३ मध्ये आणि ‘डेव्हिल मे क्राय ३’ आला फेब्रुवारी २००५ मध्ये. दोन्ही प्लेस्टेशन २ वर, आणि दोन्हींवर दिग्दर्शक म्हणून नाव हिदेआकी इत्सुनोचं. दुसऱ्या भागाचं काम अगदी शेवटच्या टप्प्यात त्याच्या हाती आलं, तिसरा त्याने सुरुवातीपासून उभा केला. पहिला भाग, हिदेकी कामियाचा, २००१ चा, तुम्हाला माहीत असेलच. राक्षस मारणारा नायक डान्टे, तलवार, दोन पिस्तुलं, लाल कोट. त्यावर वेळ घालवत नाही.

किरकोळ फरक आधी उरकून घेऊ. दुसरा भाग दोन डिस्कवर आला, एक डान्टेची आणि एक लुसिया या नायिकेची. तिसऱ्याची कथा पहिल्या भागाच्याही आधीची, म्हणून त्यातला डान्टे तरुण आणि बडबड्या, तर दुसऱ्यातला जवळजवळ मुका. दुसऱ्यातल्या जागा प्रशस्त, तिसऱ्यातल्या बऱ्याचशा एका उंच मनोऱ्यात कोंडलेल्या. याने मूड बदलतो, बाकी काही नाही.

अवघडपणाबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण तिथेही लोक हमखास घसरतात. तिसरा भाग कठीण आहे म्हणून चांगला, असं सर्रास सांगितलं जातं. जपानी आवृत्तीतली ‘हार्ड’ पातळी उत्तर अमेरिकेत ‘नॉर्मल’ म्हणून विकली गेली आणि त्यातून ही दंतकथा वाढली. पुढे २००६ च्या स्पेशल एडिशनमध्ये पातळ्या पुन्हा जागेवर आणल्या. गेम सोपा झाला आणि त्याची खोली तसूभरही कमी झाली नाही. शत्रूचा जीव दुप्पट करणं ही कुठल्याही गेममध्ये पाच मिनिटांची गोष्ट आहे. तिला खोली म्हणू नका, कृपा करा.

आता खरा मुद्दा.

दोन्ही गेममध्ये शत्रू मारले की लाल ऑर्ब्ज मिळतात. ते कशावर खर्च होतात ते बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे. दुसऱ्या भागात ऑर्ब्ज देऊन शस्त्राची पातळी वाढते, म्हणजे तोच वार जास्त लागतो. डान्टेला तीन तलवारी मिळतात, पण तिन्हींचे वार तेच. एक लांब, एक जड, इतकाच फरक. तिसऱ्या भागात ऑर्ब्ज देऊन नव्या मूव्ह्ज विकत घेता येतात, आणि पाचही डेव्हिल आर्म्सची, म्हणजे जवळून लढायच्या शस्त्रांची, चाल वेगळी आहे. सर्बेरसचं तीन काड्यांचं नानचाकू जवळ गोल फिरवायचं, बेओवुल्फ म्हणजे नुसते हातपाय. त्यातली दोन बरोबर घ्यायची आणि कॉम्बो, म्हणजे सलग वारांची साखळी, चालू असतानाच एका बटणाने बदलायची.

इथपर्यंत कुणी म्हणेल, म्हणजे तिसऱ्यात मूव्ह्ज जास्त, एवढंच ना? नाही! नेमका इथेच सगळ्यांचा पाय घसरतो. मूव्ह्जची संख्या बाजूला ठेवा. एक मूव्ह दुसरीला कुठे जोडली जाते आणि मध्येच तोडता येते का, हे बघा.

जवळून दाखवतो. कंट्रोलरवरचं आर-१ बटण धरून लॉक-ऑन केलं, म्हणजे नेम एका शत्रूवर बांधला, स्टिक मागे आणि तलवारीचं त्रिकोण बटण दाबून ठेवलं. शत्रू हवेत उडाला आणि डान्टेही त्याच्यामागे वर गेला. स्टाइल, म्हणजे एका वेळी एकच निवडायची लढण्याची पद्धत, तलवारीवर भर देणारी स्वोर्डमास्टर असेल तर गोलाचं बटण, हवेतल्या हवेत सलग वार. वार संपले की दोघंही खाली येणार. पण शत्रूच्या अगदी जवळ असताना उडीचं बटण दाबलं, तर डान्टे त्याच्या अंगावर पाय देऊन पुन्हा उसळतो. चालू असलेला वार तिथेच तुटतो आणि हवेतल्या मूव्ह्ज पहिल्यापासून पुन्हा वापरायला मोकळ्या होतात. पुन्हा वार, पुन्हा पाय, पुन्हा वार. मध्ये शस्त्र बदला, बेओवुल्फची लाथ घाला, परत तलवारीवर या. शत्रू जमिनीला लागतच नाही.

यात नवीन मूव्ह एकही नाही. उडी पहिल्या मिनिटापासून तुमच्याकडे होती. ती उडी प्रत्येक मूव्हला दुसऱ्या प्रत्येक मूव्हशी जोडणारा सांधा होते, आणि असे सांधे असले की दहा मूव्ह्जमधून माणूस वर्षभर नवं काढत राहतो. सांधे नसतील तर शंभर मूव्ह्ज म्हणजे शंभर सुट्या मूव्ह्ज.

खोलीची दुसरी बाजू शत्रूकडे असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. तालमीत डाव शिकवतात तेव्हा त्याचा प्रतिडावही शिकवतात. समोरचा नुसता उभा राहिला तर डाव कशाला हवा? दुसऱ्या भागात पिस्तुलं इतकी जबर आहेत आणि शत्रू इतके सुस्त, की लांब उभं राहून एकच बटण दाबत राहिलं तरी बहुतेक लढाया संपतात. झपाटलेलं हेलिकॉप्टर हा त्यातला एक बॉस. त्याच्यासमोर मी अक्षरशः अंगठा वर-खाली करत बसलो होतो. गेम मला दुसरं काही विचारतच नव्हता.

तिसऱ्यात सातव्या मिशनला मनोऱ्याच्या माथ्यावर पावसात डान्टेचा जुळा भाऊ व्हर्जिल समोर येतो. मी सवयीने पिस्तुलं चालवली. त्याने आपली तलवार, यामाटो, गरागरा फिरवली आणि गोळ्या सगळ्या वाया. अंगावर धावून गेलो तर वार अडवून उलटा फटका. त्या रात्री मी किती वेळा हरलो ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी कशामुळे हरलो ते कळत होतं. दुसऱ्या भागातल्या सवयींना त्या एका लढाईत उत्तर मिळालं.

दुसऱ्या भागावर अन्याय नको, म्हणून हेही सांगतो. दिसायला तो मालिकेतला सर्वांत देखण्या भागांपैकी आहे. भिंतीवर धावणं, हवेत गिरकी घेऊन चुकवणं, दोन हातांनी दोन दिशांना गोळ्या झाडणं, हे सगळं त्याने आणलं. तिसऱ्याने ते टाकून दिलं नाही. भिंतीवर धावणं चपळाईच्या ट्रिकस्टर स्टाइलमध्ये गेलं, दोन दिशांचा गोळीबार बंदुकांच्या गनस्लिंगरमध्ये. दुसऱ्यात हे सगळं कायम हाताशी होतं आणि त्याची गरज कधीच पडत नव्हती. तिसऱ्यात ट्रिकस्टर घेतला तर रॉयलगार्डचा अचूक बचाव त्या वेळेपुरता सोडावा लागतो. भिंतीवर धावणं तेच, पण आता ते निवडावं लागतं आणि त्यासाठी काहीतरी गमवावं लागतं.

हाच चष्मा लावून ‘बायोनेटा’ या दुसऱ्या ॲक्शन मालिकेकडे बघा. कामियाच्याच २००९ च्या पहिल्या भागात डॉज ऑफसेट आहे. कॉम्बोच्या मध्येच शत्रूने हल्ला केला तर वाराचं बटण दाबून ठेवून डॉज करायचा, म्हणजे हल्ला चुकवायचा, आणि कॉम्बो जिथे तुटला असता तिथूनच पुढे चालू ठेवायचा. लोक याला सरसकट विच टाइम समजतात. विच टाइममध्ये शेवटच्या क्षणी चुकवलं की वेळ मंदावतो, ते बक्षीस आहे. डॉज ऑफसेट हा सांधा आहे, आणि माझ्या लेखी तो जास्त मोलाचा. म्हणूनच पहिल्या बायोनेटाची सर्वांत अवघड पातळी मला इतकी आवडते. तिथे डॉज केल्यावर विच टाइम मिळत नाही, तरी गेम उभा राहतो. २०१४ चा ‘बायोनेटा २’ गुळगुळीत आहे, पहिल्यातले अचानक ठरावीक बटण दाबायला लावून एका चुकीवर जीव घेणारे प्रसंग त्याने काढले, ते उत्तमच केलं. पण अम्ब्रन क्लायमॅक्स आणला. जादूचा मीटर भरला की प्रत्येक साधा वार राक्षसी होतो. मग कुठला कॉम्बो निवडला याला फारसं महत्त्व उरत नाही. लोक त्यालाच सुधारणा म्हणतात. माझ्या मते चांगल्या गेममध्ये शिरलेली ती नुसती वाढ आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डेव्हिल मे क्राय ३’ निन्टेन्डो स्विचवर आला. पंधरा वर्षं जुना गेम. एकही नवं शस्त्र नाही, एकही नवी जागा नाही. पण पूर्वी मिशनच्या आधी किंवा पुतळ्यापाशीच बदलता येणारी स्टाइल आता लढताना बदलता येऊ लागली. मी पहिल्याच संध्याकाळी स्वोर्डमास्टरने एका शत्रूला हवेत फटकावलं, तो लांब फेकला गेला, ट्रिकस्टरवर जाऊन एअर ट्रिकने त्याच्यापाशी पोचलो आणि खाली पडायच्या आत पुन्हा स्वोर्डमास्टर. दोन्ही मूव्ह्ज मला पंधरा वर्षं पाठ होत्या. त्या एकमेकींना लागून मी पहिल्यांदाच वापरत होतो.