खेळता खेळता पाणी? ‘प्लेपंप’विषयी खुलासा

आफ्रिकेतील मुले गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळतात आणि त्या फिरण्यावरच संपूर्ण गावाला फुकट पाणी मिळते, असा मजकूर अनेक वर्षे छायाचित्रांसह फिरत आहे. हे यंत्र खरे आहे. ‘प्लेपंप’ नावाने ते दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आदी देशांत बसवले गेले, आणि 2006 मध्ये अमेरिकेतून त्यासाठी मोठा निधी जाहीर होऊन 2010 पर्यंत 4,000 पंपांचे उद्दिष्ट ठरले. दावा मात्र साध्या हिशेबातच कोसळतो.

एक पंप 2,500 लोकांना पुरेल, असे सांगितले जाई. माणशी किमान 15 लिटर धरले तरी रोज 37,500 लिटर पाणी लागते; उलट 40 मीटर खोलीवरून, मिनिटाला 16 फेऱ्यांच्या गतीने, तासाला फार तर 1,400 लिटर पाणी वर येते. म्हणजे मुलांनी दिवसाचे सुमारे 27 तास खेळायचे! प्रत्यक्षात मुले दमत, शाळेत जात किंवा कंटाळत, आणि मग बायकांना ते अवजड चक्र हाताने ढकलावे लागे, जे साध्या हातपंपापेक्षा कष्टाचे होते. किंमतही हातपंपाच्या कितीतरी पट होती. देखभालीचा खर्च पंपाचे पाणी साठवणाऱ्या टाकीवरील जाहिरातींतून निघायचा होता. पण दुर्गम खेड्यात जाहिरातदार कशाला येईल? काही ठिकाणी बिघडलेले पंप महिनोन्महिने बंद राहिले. अखेर 2010 च्या सुमारास मूळ मोहीम गुंडाळली गेली. छायाचित्रे मात्र अजून फिरतात.