एस्पॉसितो (आडनाव)

एस्पॉसितो हे दक्षिण इटलीतील, विशेषतः नेपल्स व भोवतालच्या कांपानिया प्रांतातील अत्यंत प्रचलित आडनाव. लॅटिन ‘एक्सपोझितुस’ म्हणजे उघड्यावर ठेवलेला. जन्मतः टाकून दिलेल्या मुलांना ते दिले जाई. आघात ‘पॉ’वर येतो. उत्तर इटलीत ‘स’चा ‘झ’ होतो.

नेपल्समध्ये अशी मुले मुख्यतः सांतिस्सिमा आन्नुंत्सियाता या धर्मादाय संस्थेत येत. तिच्या भिंतीत ‘रुओता’ (चाक) बसवलेली होती. हे उभ्या आसाभोवती फिरणारे, एका बाजूने उघडे असे लाकडी पिंप. रस्त्याच्या बाजूने मूल आत ठेवायचे, पिंप फिरवायचे आणि घंटा वाजवायची. आतल्या बाईला ठेवणाऱ्याचा चेहरा दिसत नसे. मुलाला धुऊन त्याच्या गळ्यात शिशाचा बिल्ला अडकवत. वहीत तारीख, वेळ, अंदाजे वय, अंगावरचे कपडे आणि सोबतची खूण लिहीत. ही खूण पुष्कळदा अर्धे तोडलेले पदक किंवा कागदाचा तुकडा असे. दुसरा अर्धा भाग आईकडे राही, कारण कधीतरी मूल परत नेण्याची आशा तिला असे. ही चाके 1875 मध्ये बंद झाली.

अनेक मुले खेड्यांतील दायांकडे दूध पाजण्यासाठी दिली जात. त्यामुळे हे आडनाव शहराबाहेरही रुजले. नेपल्सचा राजा जोआकिम म्युरा याने 1814 मध्ये टाकलेल्या मुलांना ते देण्यास मनाई केली, कारण नावाचा डाग जन्मभर चिकटे. पण तोवर ते वडिलांकडून मुलांकडे जाऊ लागले होते. म्हणूनच आजचा एस्पॉसितो स्वतः टाकलेला नसतो. त्याचा फार मागचा एखादा पूर्वज तसा असू शकतो, एवढेच.

इतरत्र याच परिस्थितीतून वेगळी नावे निघाली: रोममध्ये प्रोयेत्ती, फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेंती, तर मिलानमध्ये कोलोंबो, म्हणजे कबूतर, कारण तिथल्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्हच कबूतर होते. कोलोंबो मात्र याहून जुनेही आहे, त्यामुळे प्रत्येक कोलोंबोला या यादीत बसवू नये. बोलोन्याकडचे ‘देल्यी एस्पोस्ती’ आणि दक्षिणेतले ‘स्पॉसितो’ ही जवळची रूपे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नेपल्स बंदरातून झालेल्या स्थलांतराने हे नाव अमेरिका, कॅनडा व अर्जेंटिनात पोहोचले. कॅनडाचे आइस हॉकीपटू बंधू फिल व टोनी एस्पॉसितो यांनी ते उत्तर अमेरिकेत घरोघरी पोहोचवले. तिथे आघात सरकून ‘सी’वर गेला.

वंशावळ शोधणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे दोन एस्पॉसितो कुटुंबांना एकाच मूळ पुरुषाचे वंशज मानणे. हे आडनाव हजारो मुलांना स्वतंत्रपणे मिळाले. रक्ताचे नाते त्यातून सिद्ध होत नाही. शोध 1809 पासूनच्या नागरी जन्मनोंदींतून मागे न्यावा आणि नंतर संस्थेच्या वह्या पाहाव्यात. त्यांत आईवडिलांची नावे बहुधा नसतात. पण दुपट्याचा रंग, फितीची गाठ, पदकाचा अर्धा भाग यांची नोंद सापडते.