बेल, कॅलिफोर्निया: चारशेपेक्षा कमी मतांत शहर हातातून कसं गेलं

अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या कारभाराचा विषय निघाला की कुणीतरी बेलचं नाव काढतंच. २०१० च्या जुलैमध्ये बातमी फुटली तेव्हा सगळीकडे एकच आकडा फिरत होता, ७ लाख ८७ हजार ६३७ डॉलर. लॉस एंजेलिस शहराच्या जवळच्या या पस्तीस हजार वस्तीच्या, बऱ्यापैकी गरीब शहराच्या सिटी मॅनेजरचा, म्हणजे रोजचा कारभार बघणाऱ्या पगारी अधिकाऱ्याचा, हा वर्षाचा पगार, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबामांचा पगार होता ४ लाख. लोकांनी रॉबर्ट रिझो या मॅनेजरच्या नावाने बोटं मोडली, बरोबरच आहे, पण रिझो एकटा हे करू शकत नव्हता. त्याला करू देणारी एक यंत्रणा होती, तीही बरीचशी चांगल्या हेतूने उभी केलेली, आणि तिला सगळ्यात मोठं भगदाड पडलं ते रीतसर मतदान घेऊन.

आधी गाव. बेल म्हणजे साधारण साडेसहा चौरस किलोमीटर, बाजूला लॉस एंजेलिस नदी, नदी म्हणजे बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा चर. शेजारी मेवूड, कडही, हंटिंग्टन पार्क, व्हर्नन, सगळी अशीच चिमुकली शहरं, प्रत्येकाचं वेगळं कौन्सिल, नवख्या माणसाला एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत पण नाही. मूळची ही जमीन स्पॅनिश काळातल्या रँचो सान अँटोनियोची, लुगो घराण्याची. १८७० च्या दशकात जेम्स जॉर्ज बेल इथे येऊन शेती करायला लागला आणि पुढे त्याचंच नाव गावाला पडलं. गंमत म्हणजे याच बेलच्या मुलाने, अल्फोन्झोने, तेलात पैसा कमावून नंतर बेल एअर वसवलं, तेच ते सिनेवाल्यांच्या बंगल्यांचं. एकाच घराण्याच्या नावाच्या दोन वस्त्या आणि दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

१९२७ साली बेल अधिकृत शहर झालं. पुढची काही दशकं इथे गोऱ्या कामगारांची वस्ती होती, व्हर्ननमध्ये बेथलहेम स्टील, साउथ गेटमध्ये जनरल मोटर्स आणि फायरस्टोन, म्हणजे कारखान्यात नोकरी आणि गावात छोटं घर असा हिशोब. १९८० च्या सुमारास दोन-तीन वर्षांत हे तिन्ही कारखाने बंद पडले. गोरे लोक त्याआधीपासूनच निघत होते, त्यांच्या जागी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं आली, आणि २०१० च्या जनगणनेत बेलमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर लॅटिनो होते. यात बऱ्याच जणांना नागरिकत्व नाही म्हणजे मत नाही, आणि ज्यांना मत आहे ते दोन-दोन नोकऱ्या करतायत, त्यामुळे कौन्सिलच्या निवडणुकीला मोजकी माणसं यायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (बेलचं कौन्सिल आधी धुतल्या तांदळासारखं होतं असंही नाही हं, १९८० च्या दशकात पत्त्यांच्या जुगाराच्या क्लबात गावच्या पुढाऱ्यांची छुपी भागीदारी निघाली होती.)

आता हा सिटी मॅनेजर काय प्रकार आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतली शहरं पक्षांच्या दादा लोकांच्या हातात होती, नोकऱ्या आणि कंत्राटं सगळी त्यांच्या माणसांना. त्यावर सुधारकांनी उपाय काढला की निवडून आलेल्या कौन्सिलने फक्त धोरण ठरवायचं आणि रोजचा कारभार पगारी, शिकलेल्या, राजकारणाबाहेरच्या माणसाकडे द्यायचा. व्हर्जिनियातल्या स्टाँटनने १९०८ मध्ये असा माणूस नेमला, १९१३ च्या पुरानंतर ओहायोतल्या डेटनने ही पद्धत घेतली आणि मग ती देशभर पसरली. आपल्याकडच्या नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यासारखंच पद, पण मोठा फरक असा की आपला मुख्याधिकारी राज्य सरकार पाठवतं आणि बदली पण तेच करतं, तिथे मॅनेजरला कौन्सिलच नेमतं, तेच पगार ठरवतं आणि तेच काढू शकतं. सुधारकांनी आणखी दोन गोष्टी केल्या, निवडणुकीतून पक्षाचं चिन्ह काढलं आणि बऱ्याच ठिकाणी शहराची निवडणूक राष्ट्राध्यक्ष-गव्हर्नरच्या निवडणुकीपासून वेगळ्या तारखेला नेली, म्हणजे गावचे प्रश्न मोठ्या राजकारणात बुडू नयेत. हेतू चांगला होता, पण त्यातून असं झालं की मतदानाला चिटपाखरू नाही, आणि कौन्सिलवर कुणाची नजर नसेल तर मॅनेजरवर नजर ठेवणारं कुणीच उरत नाही.

रिझो १९९३ मध्ये बेलमध्ये आला तेव्हा पगार ७२ हजार डॉलर. शहराची तिजोरी तेव्हा खडखडीत होती आणि त्याने ती सावरली असं त्याच्या बाजूने सांगितलं जायचं, त्यामुळे कौन्सिलही खूश होतं. नंतर करारात दरवर्षी १२ टक्के वाढ आली. बारा टक्के ऐकायला काय वाटत नाही, पण चक्रवाढीने ते कुठल्या कुठे जातं.

मुख्य घडामोड २००५ ची. शेजारच्या साउथ गेटमध्ये आधी भ्रष्टाचाराचं एक मोठं प्रकरण होऊन गेलं होतं, त्यावरून कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने नियम आणला की साध्या शहरातल्या नगरसेवकांना वेगवेगळ्या कमिट्यांच्या नावाखाली हवा तेवढा भत्ता घेता येणार नाही. बेलएवढ्या शहरात नगरसेवकाचा पगार कायद्याने महिन्याला ४०० डॉलरच्या आसपास बसायचा. पण नियमात 'साध्या शहरातल्या' हे महत्त्वाचं, कारण कॅलिफोर्नियात दोन प्रकारची शहरं आहेत, एक राज्याच्या सर्वसाधारण कायद्याने चालणारी आणि दुसरी ज्यांचा स्वतःचा चार्टर आहे ती. चार्टर म्हणजे शहराची छोटी घटनाच समजा, एकदा तो झाला की स्थानिक बाबींत, पगार धरून, राज्याचे बरेच नियम लागू होत नाहीत. ४८३ शहरांपैकी सव्वाशेच्या आसपास शहरांचे चार्टर आहेत, लॉस एंजेलिसचा पण आहे, त्यात गैर काही नाही. फक्त चार्टर करायला मतदारांची मंजुरी लागते.

तर बेलच्या कौन्सिलने मंजुरी घ्यायचं ठरवलं. तारीख ठेवली २९ नोव्हेंबर २००५, म्हणजे थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपल्यावरचा मंगळवार, मतपत्रिकेवर दुसरा एकही विषय नाही. प्रस्तावात लिहिलं होतं की यामुळे शहराला आपल्या कारभारावर जास्त ताबा मिळेल, नगरसेवकांच्या पगाराबद्दल अवाक्षर नाही. बाजूने ३३६, विरुद्ध ५४, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मतं टपालाने आलेली. संपला विषय. पस्तीस हजारांच्या गावाची घटना चारशेपेक्षा कमी मतांत लिहून झाली, आणि कागदोपत्री सगळं नियमाप्रमाणे.

त्यानंतर कुंपणानेच शेत खाल्लं. पाचपैकी चार नगरसेवकांचा पगार वर्षाला लाखाच्या घरात गेला, काम अर्धवेळ. यातली बहुतेक रक्कम कौन्सिलच्या पगारातून येत नव्हती, ती यायची घनकचरा प्राधिकरण, सरप्लस मालमत्ता प्राधिकरण, घरबांधणी प्राधिकरण असल्या मंडळांवर बसल्याबद्दल. मंडळात कोण? तेच नगरसेवक. बैठक कधी? कौन्सिलच्या बैठकीच्या मधेच, एक पुकारायची, मिनिट-दोन मिनिटांत तहकूब करायची, दुसरी पुकारायची, आणि प्रत्येकाचा महिन्याचा भत्ता वेगळा. कचरा उचलायचं काम तर बाहेरच्या कंत्राटदाराकडे होतं, मग घनकचरा प्राधिकरण बसून करत काय होतं हे नंतर कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलंच. पाचव्या नगरसेवकाला, जो २००९ मध्ये नेमला गेला होता, वर्षाला ८ हजारांच्या आसपास मिळत होते. बाकीचे किती घेतात ते आपल्याला माहीत नव्हतं असं तो म्हणाला.

रिझोचा करार तर अनेक तुकड्यांत केलेला होता, थोडा सिटीशी, थोडा या मंडळाशी, थोडा त्या मंडळाशी, म्हणजे कुणी एक कागद बघितला तर पूर्ण आकडा दिसूच नये. असिस्टंट मॅनेजर अँजेला स्पाचिया ३ लाख ७६ हजार, पोलीस चीफ ४ लाख ५७ हजार, आणि हे चीफ जेमतेम ४६ माणसांचं पोलीस खातं सांभाळत होते तर लॉस एंजेलिसच्या चीफचा पगार ३ लाखांच्या थोडा वर होता.

पैसा कुठून आला? गरिबांच्याच खिशातून. बेलची घरपट्टी बेव्हर्ली हिल्सपेक्षा जास्त दराने होती, त्यातला काही भाग बेकायदा वाढवलेला निघाला आणि नंतर घरमालकांना परत द्यावा लागला. पोलीस गाड्या टो करायचे आणि सोडवायला जबर फी, आणि लायसन्स नसलेला मजूर, ज्याचे कागदपत्र धड नाहीत, तो तक्रार कुठे करणार.

कुणालाच संशय आला नाही असं नाही. २००८ च्या सुमारास गावातल्या एका माणसाने कौन्सिलमध्ये जाऊन सरळ विचारलं की तुम्ही किती पगार घेता, लेखी द्या. त्याला कागद मिळाला. त्यावर नगरसेवकांचे महिन्याला ६७३ डॉलर आणि रिझोचे १५,४७८. सरकारी कागद, सरकारी आकडे आणि साफ खोटे. हा कागद पुढे खटल्यात फार कामाला आला. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त चीड याची येते, पगार घेणं एक आणि विचारणाऱ्याच्या हातात बनावट चिठ्ठी ठेवणं वेगळं.

बाहेरून कुणी बघत नव्हतं कारण बघणारे उरलेच नव्हते. गावचं साप्ताहिक केव्हाच बंद, मोठ्या पेपरांनी माणसं कमी केलेली, कडही-बेलच्या कौन्सिल बैठकीला वार्ताहर कोण पाठवणार. उघड झालं ते शेजारच्या गावामुळे. मेवूडचा विमा रद्द झाला, त्यांनी २०१० मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं आणि कारभार बेलकडे कंत्राटावर दिला. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे जेफ गॉटलिब आणि रुबेन व्हिव्हेस मेवूडच्या मागे असताना कळलं की सरकारी वकिलांची बेलवर पण नजर आहे, मग त्यांनी माहिती कायद्याखाली बेलचे करार मागितले. सिटीने बरेच दिवस टोलवाटोलवी केली आणि शेवटी लिटल बेअर पार्क नावाच्या बागेतल्या मीटिंग रूममध्ये बोलावलं, तिथे रिझोने पगाराचा आकडा स्वतःच्या तोंडाने सांगितला. १५ जुलैला बातमी छापून आली, आठवड्याभरात रिझो, स्पाचिया आणि चीफ तिघांचे राजीनामे, आणि कधी न भरणारा कौन्सिलचा हॉल लोकांनी गच्च भरून टाकला.

२१ सप्टेंबरला आठ जणांना अटक झाली. पेपरला पुढच्या वर्षी सार्वजनिक सेवेचं पुलित्झर मिळालं. मार्च २०११ मध्ये मतदारांनी कौन्सिल पूर्ण बदललं, आणि या वेळी मतदानाला रांगा होत्या. सहा आजी-माजी नगरसेवकांवर खटला चालला, पाच दोषी ठरले, एक सुटला, शिक्षा कुणाला तुरुंगाची तर कुणाला घरातल्या नजरकैदेची. माजी मेयर किराणा दुकानदार होता, जेमतेम शिकलेला, त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की लोक चांगल्या मनाच्या माणसाला निवडून देतात, विद्वानाला नाही. ज्यूरीला ते पटलं नाही, पण मला त्यात थोडं तथ्य वाटतं, समोर ठेवलेल्या कागदावर सही करणारी माणसं होती ती, आणि कागद तयार करणारा एकच होता. रिझोला २०१४ मध्ये बारा वर्षं आणि ८८ लाख डॉलर परतफेड, स्पाचियाला अकरा वर्षं आठ महिने.

राज्याने २०११ मध्ये कायदा बदलला तो बरोबर त्या भगदाडावर बोट ठेवून. आता नवीन चार्टरचं मतदान असल्या आडवेळच्या तारखेला उरकता येत नाही, ते नेहमीच्या ठरलेल्या निवडणुकीबरोबरच घ्यावं लागतं, आणि यामुळे कौन्सिलला स्वतःचा पगार मतदारांना न विचारता वाढवता येणार असेल तर तसं मतपत्रिकेवर लिहावं लागतं. शिवाय राज्याच्या कंट्रोलरच्या, म्हणजे राज्याचे हिशोब बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसने सगळ्या शहरांच्या अधिकाऱ्यांचे पगार ऑनलाइन टाकायला सुरुवात केली, त्यामुळे आता आकडा विचारायला कौन्सिलमध्ये जाऊन उभं राहायची गरज नाही.