मिडीत गिटार वाजवायची तर तारा मोजा

मिडीवर, म्हणजे कीबोर्ड किंवा संगणकातून सूचना देऊन, वाजवलेली इलेक्ट्रिक गिटार ऐकली की बहुतेकांच्या पहिल्या काही मात्रांतच लक्षात येतं, हे कीबोर्डवर वाजवलंय. मग दोष आवाजाला दिला जातो: सॅम्पल (खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रित तुकडे) हलके आहेत, महागडी लायब्ररी घ्यायला हवी. माझ्या मते दोष बहुतेक वेळा लिहिण्यात असतो. नुसते स्वर लिहून गिटार उमटत नाही. ते स्वर कोणत्या तारेवर आणि हाताच्या कोणत्या हालचालीतून निघाले, हेही लिहावं लागतं.

मुळात मिडीत आवाज नसतोच. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथसायझर केबलने जोडून दाखवले गेले. त्या केबलमधून जातात त्या फक्त सूचना: कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्टीचा क्रमांक ० ते १२७ आणि जोरही तेवढ्याच आकड्यांत. ही सगळी मांडणी पट्ट्यांच्या वाद्याची आहे. पियानोवर पट्टी दाबली की त्या स्वराची उंची पुढे बदलता येत नाही. गिटारवर मात्र स्वर लागल्यानंतरच खरी करामत सुरू होते.

बेंडच घ्या, म्हणजे तार ओढून स्वर चढवणं. सतारीवर मींड घेताना तार पडद्यावर आडवी ओढतात, तसंच हे. तारेची वारंवारता तिच्यावरच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवरचा, म्हणजे पडद्यावरचा, ३९२ हर्ट्झचा जी हा स्वर ४४० हर्ट्झच्या ए पर्यंत चढवायचा, तर ताण सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो. बोटांना हे काम सोपं नाही, त्याला वेळ लागतो आणि तो वेळ कानाला ऐकू येतो. मिडीत यासाठी पिच बेंडची सूचना असते. तिचा आकडा ० ते १६३८३, मधोमध ८१९२, आणि नेहमीची मर्यादा दोन अर्धस्वर वर, दोन खाली. म्हणजे ६७ क्रमांकाची नोट सुरू करून आकडा ८१९२ वरून १६३८३ पर्यंत नेला की जी चा ए झाला. पण माउसने सरळ रेघ ओढलीत तर हात दिसत नाही. जी क्षणभर जागेवर राहू द्या, मग वेगाने चढवा आणि ए जवळ येताना चढ मंद करा.

व्हायब्रेटोतही, म्हणजे स्वर कंपवतानाही, हेच भान हवं. फ्रेटवर दाबलेली तार बोटाने आडवी ओढून आणखी ताणता येते, आहे त्यापेक्षा सैल करता येत नाही. म्हणून असा कंप मूळ स्वरापासून वर जातो आणि परत येतो. मॉड्युलेशन व्हील (कंप देणारं चाक) मात्र बहुतेक सिंथवर स्वर दोन्ही बाजूंना हलवतं, आणि तिथेच सोंग उघडं पडतं. बेंड करून धरलेल्या स्वराचं गणित उलटं. तिथे ताणलेली तार किंचित सैल सोडून पुन्हा ताणतात, त्यामुळे कंप खालच्या अंगाला जातो. व्हॅमी बार (तारांचा ताण कमी-जास्त करणारा दांडा) असेल तर दोन्ही दिशा मोकळ्या.

हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर बोट आपटून स्वर चढवणं) आणि पुल-ऑफमध्ये (बोट काढून स्वर उतरवणं) पिकचा, म्हणजे तार छेडायच्या तुकड्याचा, नवा आघात नसतो. नवी नोट लिहिली की सॅम्पलमधला पिकचा टणत्कार पुन्हा वाजतो. त्याऐवजी चालू नोटवरच पिच बेंड एका झटक्यात ८१९२ वरून १२२८८ वर न्या, अर्धा स्वर चढतो. स्लाइडसुद्धा (बोट तारेवरून सरकवत नेणं) अशाच पायऱ्यांनी लिहायची, कारण वाटेतला प्रत्येक फ्रेट ऐकू येतो. लांब स्लाइडसाठी बेंडची मर्यादा आधी १२ अर्धस्वरांपर्यंत वाढवून घ्यावी. मग एका फ्रेटला साधारण ६८३ आकडे पडतात.

आता अडचण अशी, की पिच बेंड अख्ख्या चॅनेलला, म्हणजे सूचनांच्या एका वाटेवरच्या सगळ्या स्वरांना, लागू होतो. एक तार स्थिर ठेवून शेजारची ओढायची म्हटलं, तर दोन्ही स्वर चढतात. उपाय जुना आणि पक्का आहे: सहा तारांना सहा चॅनेल. एकूण सोळा असतात, कमी पडत नाहीत. शिवाय एका तारेवर एका वेळी एकच स्वर, ही शिस्त आपोआप लागते. २०२० च्या मिडी २.० मध्ये प्रत्येक नोटला स्वतंत्र बेंड देता येतो, तरीही मी सहा चॅनेलच करेन. कोणता स्वर कोणत्या तारेवर आहे, हे डोळ्यांसमोर राहतं.

कॉर्डही तारांच्या हिशोबानेच. गिटारवरचा उघडा ई मेजर म्हणजे ४०, ४७, ५२, ५६, ५९, ६४. खाली ऐसपैस अंतर, वर दाटी. डाउनस्ट्रोकला (हात वरून खाली नेताना) या नोटा याच क्रमाने, काही मिलिसेकंदांच्या फरकाने सुरू करा. अपस्ट्रोकला क्रम उलटा, आणि बऱ्याचदा वरच्या तीन-चार तारा पुरतात.

एवढं करूनही पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम) पोकळ वाटते, आणि त्याचं कारण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम चिरडण्यात, आहे. खऱ्या गिटारमध्ये सगळ्या तारांचा संकेत आधी एकत्र होतो, मग अॅम्पमध्ये चिरडला जातो. त्या चिरडण्यात वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नवे स्वर जन्मतात. खालचा ई ८२.४ हर्ट्झ आणि त्यावरचा बी १२३.५ हर्ट्झ, फरक ४१.१. हा जवळजवळ त्याच ई चा एक सप्तक खालचा स्वर, म्हणून पॉवर कॉर्ड एवढी भरदार लागते. ई सोबत जी शार्प घेतला, १६४.८ आणि २०७.७ हर्ट्झ, तर फरक ४२.९ येतो. तो ई च्या ४१.२ शी जुळत नाही आणि आवाज गढूळ होतो. जोरदार डिस्टॉर्शनवर बरेच गिटारवादक पूर्ण मेजर कॉर्ड टाळतात, ते यामुळेच.

जनरल मिडी या आवाजांच्या ठरलेल्या यादीतला ‘डिस्टॉर्शन गिटार’ हा ३१ वा आवाज सहसा एकेका स्वराच्या, आधीच चिरडलेल्या सॅम्पलवर चालतो. दोन नोटा दाबल्या तरी तिथे नुसती बेरीज होते, नवा स्वर जन्मत नाही. म्हणून २८ वा, स्वच्छ गिटारचा आवाज घ्या, सहाही चॅनेल एका बसवर (सगळ्यांचा आवाज एकत्र होतो त्या वाटेवर) आणा आणि त्या बसवर एकच अॅम्प सिम्युलेटर (अॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावा. ई आणि बी दोन्ही पद्धतींनी वाजवून स्पेक्ट्रम अॅनालायझरमध्ये (कोणती वारंवारता किती जोरात आहे, हे दाखवणाऱ्या आलेखात) ४१ हर्ट्झच्या आसपास पाहा. एका पद्धतीत तिथे उंचवटा दिसेल, दुसरीत नाही.