पॅनलवरचे ओरखडे जातात कसे?

घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट कितीही नेटकं असो, बघणाऱ्याची नजर आधी पुढच्या पॅनलवर जाते. पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग हवे तसे मिळतात, पण पॅनलसाठी भंगारातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बहुधा ओरखड्यांनी भरलेला असतो. तो टाकून देऊ नका.

ओरखडा म्हणजे बारीक चर. त्याच्या उतरत्या कडांवरून प्रकाश भलत्याच दिशेला परततो, म्हणून तो डोळ्यांत खुपतो. तो घालवायचा तर त्याच्या तळापर्यंत भोवतालचा सगळा धातू उतरवावा लागतो. नुसत्या ओरखड्यावरच घासत बसलं तर तिथे खळगा पडतो आणि पॅनल दिव्याखाली तिरकं धरलं की लगेच कळतो.

म्हणून सपाट लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) गुंडाळून पूर्ण पॅनल घासायचं. आधी २४० नंबर, मग ३२०, मग ४००. २४० नंबरचा कण साधारण ५८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ४०० चा ३५ चा. दर नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला. आधीचे चरे आडवे उठून दिसतात आणि ते पुरते गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. मधला नंबर गाळण्याचा मोह होतो, पण त्यात मेहनत उलट वाढते. साबणाचं पाणी वापरलं की पेपर भरत नाही, शिवाय धातूची भुकटी उडत नाही. ही भुकटी वीज वाहते, त्यामुळे घासकाम सर्किटपासून लांबच.

शेवटचे हात पॅनलच्या लांबीत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच दिशेने. आता पॅनलवर असंख्य चरे आहेत, पण सगळे समांतर! दिव्याचा प्रकाश त्यांना आडवा, एका लांब पट्ट्यात पसरतो. बाजारी उपकरणांवरची ती देखणी झळाळी हीच.

पत्रा अ‍ॅनोडाइज केलेला, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कडक थर चढवलेला असेल तर मात्र पेपर लवकर बोथट होतो. वरचा काही मायक्रॉनचा थर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, आणि बऱ्याच पॉलिश पेपरांचे कणही त्याचेच! हा थर वीज वाहू देत नाही. अर्थिंगची वायर त्यावर नुसती स्क्रूने आवळली तर पॅनलला अर्थिंग मिळेलच असं नाही, आणि आत २३० व्होल्ट असताना हे जिवावर बेतू शकतं. स्क्रूखालची जागा धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका. मग प्लग भिंतीतून काढून त्याची अर्थ पिन आणि पॅनलचा उघडा धातू यांच्यामधला रोध मल्टिमीटरने मोजा. तो एक ओहमच्या बराच खाली यायला हवा.