गोरिलीझर आणि मल्टिप्लॅटफॉर्म कंटेनर इमेज

एकच नाव, एकच टॅग (आवृत्तीचे लेबल), पण इंटेलच्या सर्व्हरवर, आर्म प्रोसेसरच्या क्लाउड यंत्रावर आणि रास्पबेरी पायवरही चालणारी कंटेनर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा एक गठ्ठा) म्हणजे मल्टिप्लॅटफॉर्म इमेज. प्रत्यक्षात ती एक इमेज नसतेच. प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी इमेज बनवून त्या सगळ्यांची एक सूची रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सर्व्हरवर, ठेवलेली असते. गो भाषेतील प्रकल्पांत हे काम बहुधा गोरिलीझर या रिलीज-ऑटोमेशन टूलवर सोपवले जाते. कार्लोस बेकर यांनी २०१६च्या अखेरीस ते लिहायला घेतले.

गरज कशी निर्माण झाली? इमेजवरून सुरू केलेला कंटेनर स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणत नाही, यजमान यंत्राचाच वापरतो. त्यामुळे आतली बायनरी (कंपाइल होऊन बनलेली, चालवता येणारी फाइल) त्या यंत्राच्या प्रोसेसरसाठीच बनलेली असावी लागते. २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर बनवण्याचे व चालवण्याचे टूल आले तेव्हा सर्व्हर म्हटले की एक्स८६ (इंटेल घराण्याचा प्रोसेसर) असेच समीकरण होते, त्यामुळे कुणाचे फारसे अडले नाही. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने आर्म घराण्याचा ग्रॅव्हिटॉन प्रोसेसर आणला, २०२०च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलचे आर्म घराण्यातलेच एम१ लॅपटॉप आले आणि चित्र बदलले. अशा लॅपटॉपवर बनवलेली इमेज इंटेलच्या सर्व्हरवर टाकली की कंटेनर सुरू होताच बंद पडतो आणि लॉगमध्ये ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढेच दिसते. मूळ कारणाचा त्यात उल्लेखही नसल्याने नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

यावरचा उपाय डॉकरने ‘मॅनिफेस्ट लिस्ट’ या नावाने आधीच आणला होता आणि २०१७च्या सप्टेंबरपासून डॉकरच्या अधिकृत इमेज मल्टिप्लॅटफॉर्म झाल्या. ओपन कंटेनर इनिशिएटिव्हच्या प्रमाणकात याच सूचीला ‘इमेज इंडेक्स’ म्हणतात; ते प्रमाणक २०१७च्याच जुलैत १.० ला पोहोचले होते. इंडेक्स ही एक छोटी जेसन फाइल असते. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीत त्या त्या इमेजचा एसएचए-२५६ डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून काढलेला ठसा), आकार, ऑपरेटिंग सिस्टिम आणि आर्किटेक्चर असते. ३२-बिट आर्मसाठी व्ही६ की व्ही७ हेही लिहिलेले असते. ‘डॉकर पुल’ केल्यावर आधी इंडेक्स येतो, यंत्र आपली नोंद शोधते आणि तेवढीच इमेज उतरवून घेते.

गोरिलीझरचे बलस्थान त्याआधीच्या पायरीत आहे. दुसऱ्या प्रोसेसरसाठी बायनरी बनवणे गोमध्ये २०१५च्या १.५ आवृत्तीपासून अगदी सोपे झाले. दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलले की झाले, मात्र सीगो (गोमधून सी भाषेतला कोड वापरण्याची सोय) बंद हवे. गिट टॅग (सोर्स कोडच्या आवृत्तीची खूण) पुश झाला की गोरिलीझर सगळ्या बायनरी एकदाच बनवतो, आर्काइव्ह व चेकसम काढतो आणि त्याच बायनरी डॉकर बिल्डच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्यामुळे त्याच्या डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ‘गो बिल्ड’ नसते, फक्त कॉपी असते. जुन्या सवयीने पूर्ण सोर्स कोड कॉपी करून तिथेच कंपाइल करायला जाणाऱ्याला ‘फाइल सापडत नाही’ असे उत्तर मिळते, कारण त्या फोल्डरमध्ये सोर्स नसतोच.

अनेक वर्षे ही मांडणी दोन भागांत करावी लागे. गोरिलीझरच्या सेटिंग्जच्या यामल फाइलमधल्या ‘डॉकर्स’ विभागात प्रत्येक आर्किटेक्चरसाठी स्वतंत्र नोंद आणि मग ‘डॉकर मॅनिफेस्ट्स’ विभागात त्यांची मोळी. इंडेक्स जोडण्यापूर्वी सुट्या इमेज रजिस्ट्रीत पोहोचलेल्या असाव्या लागत, म्हणून आवृत्तीमागे ‘-एएमडी६४’ (६४-बिट एक्स८६), ‘-आर्म६४’ अशा शेपट्या लावलेले जादा टॅग तिथे कायमचे राहत. या पद्धतीतली एक चूक फसवी होती. बिल्डच्या फ्लॅगमध्ये प्लॅटफॉर्म लिहायचा राहिला, तर इमेजच्या आत आर्मची बायनरी जाई, पण इमेजवर शिक्का बसे बिल्ड यंत्राच्या आर्किटेक्चरचा. बिल्डची स्वयंचलित पाइपलाइन हिरवी, रिलीज झालेले, आणि आर्म यंत्रावर पुल केले की जुळणारा मॅनिफेस्टच (इमेजची नोंद) नाही! दुसरी अडचण २०२३च्या सुरुवातीला आली. बिल्डएक्स हे डॉकरचे इमेज बनवण्याचे प्लगइन प्रत्येक इमेजसोबत प्रोव्हेनन्सची (इमेज कुठून व कशी बनली याची) नोंद आपणहून जोडू लागले, त्यामुळे सुटी इमेजही स्वतःच इंडेक्स बनली. इंडेक्समध्ये इंडेक्स कोंबायला डॉकरची जुनी आज्ञा नकार देई. प्रोव्हेनन्स बंद करणे हाच तेव्हाचा सर्रास तोडगा होता.

२०२५ मध्ये आलेल्या ‘डॉकर्स व्ही२’ने हे दोन्ही विभाग एकत्र केले. आता नाव, टॅग आणि प्लॅटफॉर्मची यादी दिली की बिल्डएक्स एकाच फेरीत सगळ्या इमेज व इंडेक्स बनवून पुश करते. बायनरी ‘लिनक्स/एएमडी६४’, ‘लिनक्स/आर्म६४’ अशा फोल्डरांत लावलेल्या असतात आणि डॉकरफाइलमधली कॉपीची ओळ ‘टार्गेटप्लॅटफॉर्म’ या व्हेरिएबलवरून योग्य फोल्डर उचलते. जुन्या दहा-पंधरा ओळींच्या पुनरावृत्तीपेक्षा हे कितीतरी सुटसुटीत आहे. नवा प्रकल्प जुन्या पद्धतीने सुरू करण्यात आता अर्थ नाही.

क्यूएमयू (एका प्रोसेसरवर दुसऱ्याचा कोड चालवणारा एम्युलेटर) लागतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. डॉकरफाइलमध्ये केवळ कॉपी असेल तर परक्या प्रोसेसरचा कोड बिल्डदरम्यान चालतच नाही, म्हणून लागत नाही. सर्टिफिकेट बसवण्यासाठी अल्पाइन या छोट्या लिनक्स बेसमध्ये ‘रन’ची (बिल्डदरम्यान आज्ञा चालवणारी) एक ओळ घातली, की ती आर्मसाठीही चालवावी लागते, मग एम्युलेशन आले आणि त्याबरोबर संथपणाही. सर्टिफिकेट आधीच असलेला डिस्ट्रोलेससारखा बेस (पायाभूत इमेज) घेतला तर हा प्रश्न मिटतो, फक्त तो बेस हव्या त्या सर्व प्लॅटफॉर्मसाठी उपलब्ध आहे ना, हे पाहावे लागते. डॉकरफाइलच नको असणाऱ्यांसाठी गोरिलीझर ‘को’ या टूललाही जोडलेला आहे.

गिटहब अ‍ॅक्शन्स या स्वयंचलित बिल्ड सेवेवर गोरिलीझर चालवताना पॅकेज लिहिण्याची परवानगी द्यावी लागते आणि गिटचा पूर्ण इतिहास चेकआउट करावा लागतो, नाहीतर चेंजलॉग नीट निघत नाही. पुश झाल्यावर ‘बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट’ने इंडेक्समधल्या नोंदी पाहता येतात, तिथे ‘अननोन/अननोन’ अशी नोंद दिसली तर ती बिघाडाची नव्हे, प्रोव्हेनन्सची असते. कोसाइन या टूलने इमेजवर डिजिटल सही करायची असल्यास ती टॅगवर न करता इंडेक्सच्या डायजेस्टवर करतात, कारण टॅग उद्या दुसऱ्या इमेजकडे वळवता येतो.