प्रार्थनाकक्ष, खाटेशेजारची खुर्ची आणि दोन प्रश्न

दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्णाला गुण येतो का, हे रीतसर तपासून झालं आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ जणांचे तीन गट पाडले गेले. पहिल्या गटासाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. आपण कोणत्या गटात आहोत, हे या दोन्ही गटांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली आणि तसं त्यांना सांगितलंही गेलं. निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. महिनाभरात काही ना काही गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१ आणि तिसऱ्यात चक्क ५९ टक्के निघालं. ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागतेय, म्हणजे माझं काही खरं नाही’ या धास्तीने तसं झालं असावं, असा एक तर्क आहे. तो तर्कच आहे.

मग रुग्णालयात सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष कशाला आणि पगारी आध्यात्मिक समुपदेशक, म्हणजे बऱ्याच देशांत ज्यांना चॅप्लन म्हणतात ते, कशाला? कारण त्यांचं काम आजार बरा करण्याचं नाहीच. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचा त्रास कमी करणारं शुश्रूषाकेंद्र, सुरू केलं. वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारपदरी असते, अशी त्यांची मांडणी होती. मॉर्फिनची मात्रा वाढवत नेली तरी रुग्ण ‘दुखतंय’ म्हणतच राहतो, तेव्हा उरलेले तीन पदर तपासायला हवेत, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

चौथ्या पदराचा अभ्यासही झाला आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पंचावन्न वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. ‘देवाने मला टाकलं’, ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे का, याचीच शंका येते’ असं म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका २२ ते २८ टक्क्यांनी जास्त आढळला. आजाराची तीव्रता आणि मनःस्थिती हिशेबात धरल्यावरही तो फरक टिकला. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण श्रद्धा जशी आधार देते तशी ती आतून पोखरूही शकते, आणि पोखरली जाणारी माणसं आपणहून बोलत नाहीत. त्यांना शोधावं लागतं.

हे शोधण्याचं काम भरतीच्या अर्जातला ‘धर्म’ हा रकाना करत नाही. तिथे काहीही न लिहिणारा माणूस रात्रभर ‘माझ्याच वाट्याला हे का’ म्हणून तळमळत असू शकतो, आणि धर्म लिहिणाऱ्याला त्या धर्माचा पुरोहित खाटेपाशी नकोही असू शकतो. शिकागोच्या रश वैद्यकीय केंद्रात बेतलेली पद्धत यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. नर्स विचारते, ‘या आजाराला तोंड देताना तुमच्यासाठी धर्म किंवा अध्यात्म महत्त्वाचं आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न, ‘त्यातून हवा तेवढा आधार सध्या मिळतोय का?’ पुरेसा मिळत नसेल किंवा अजिबातच मिळत नसेल, तर चॅप्लनला निरोप जातो. उत्तर ‘नाही’ आलं तर विचारायचं, ‘पूर्वी कधी महत्त्वाचं होतं का?’ इथे ‘हो’ म्हणणारा रुग्ण सर्वांत सहज निसटतो. त्याने पहिल्याच प्रश्नाला नकार दिलेला असतो, म्हणून खूण करून पुढे जायचा मोह होतो. पण पूर्वी होतं आणि आता नाही, म्हणजे मध्ये काहीतरी तुटलं असण्याची शक्यता आहे.

दोन मिनिटांचं काम, तरी ते बिघडतं. नातेवाइकांच्या गराड्यात विचारलं की रुग्ण घरच्यांना बरं वाटेल ते सांगतो. गुंगीचं औषध चढलेलं असताना विचारलं की उत्तर कागदापुरतं उरतं. आणि नर्सने तिथेच समुपदेशन सुरू केलं तरी घोटाळा होतो. चाचपणी नर्सने करायची, उपचारांच्या निर्णयापुरती माहिती डॉक्टरने घ्यायची आणि सखोल मूल्यमापन चॅप्लनने, अशी ही विभागणी आहे.

चॅप्लनचं प्रशिक्षण लोकांना वाटतं त्याहून कडक असतं. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. मानसिक आजारासाठी स्वतः रुग्णालयात राहिलेले अँटन बॉयसन यांनी १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णांमध्ये नेले. तिथे रूढ झालेलं प्रशिक्षणाचं एक एकक ४०० तासांचं असतं आणि प्रमाणपत्रासाठी अशी चार एककं लागतात. त्यातला सगळ्यात घाम फोडणारा भाग म्हणजे संवादलेखन. भेट संपल्यावर विद्यार्थी आठवून शब्दन् शब्द लिहून काढतो. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुठे थांबलो, सगळं. मग गटासमोर त्याची चिरफाड होते. ‘देवाची इच्छा’, ‘यातूनही काहीतरी चांगलंच निघेल’ ही वाक्यं बहुतेक वेळा रुग्णाच्या समाधानासाठी नसून बोलणाऱ्याची स्वतःची अस्वस्थता झाकायला आलेली असतात, हे तिथे कागदावर उघडं पडतं. बाकी गोष्टी साध्या आहेत. आधी परवानगी विचारायची, उभं न राहता खुर्ची ओढून नजरेच्या पातळीवर बसायचं, स्वतःच्या धर्माचा प्रचार करायचा नाही. आणि रुग्ण ‘देव माझ्याशी बोलतोय’ म्हणाला तर तो श्रद्धेचा अनुभव आहे की तीव्र आजारातला वातभ्रम, याची शंका येताच वैद्यकीय चमूला सांगायचं.

घशात नळी असलेल्या, शुद्धीवरच्या रुग्णाला बोलताच येत नाही. त्याच्यासाठी चित्रांचा फलक वापरतात. भावना, वेदना आणि हवी असलेली मदत दाखवणारी चित्रं त्यावर असतात, रुग्ण बोटाने किंवा मानेने खुणावतो. ५० रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात चॅप्लनच्या पहिल्या भेटीनंतर चिंतेचा गुणांक ३१ टक्क्यांनी उतरला होता. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरावा.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो उपचार आवरते घेण्याच्या चर्चेत, ‘आम्ही चमत्काराची वाट पाहतोय’ असं कुटुंब म्हणतं तेव्हा. डॉक्टर आकडेवारी पुढे करतात, कुटुंब आणखी घट्ट होतं. यावर चार पायऱ्यांची एक रीत सुचवली गेली आहे: आशेला मान द्या, ‘आम्हालाही तसंच व्हावंसं वाटतं’ म्हणत त्यांच्या बाजूला उभे राहा, मग वैद्यकीय वस्तुस्थिती सांगा, आणि काही झालं तरी आम्ही सोबत आहोत हे स्पष्ट करा. क्रम उलटला की रीत फसते. बोस्टनच्या संशोधकांना वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांत एक लक्षणीय गोष्ट आढळली. ज्यांना आध्यात्मिक आधार मुख्यतः स्वतःच्या धर्मसमुदायाकडून मिळाला, त्यांच्यावर अखेरच्या आठवड्यात अतिदक्षतेतले उपचार जास्त झाले. वैद्यकीय चमूकडूनही आधार मिळालेल्यांत हॉस्पिसकडे वळणारे जास्त होते. बाहेरच्या धर्मगुरूला रक्तदाबाचे आकडे कुणी दाखवत नाही, चॅप्लन मात्र रोजच्या राउंडला हजर असतो. फरक बहुधा इथेच पडत असावा.

औषधांचाही प्रश्न येतो. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं हेपारिन डुकराच्या आतड्यातून काढतात, अनेक कॅप्सूलची आवरणं जनावरांच्या जिलेटिनची असतात, हृदयाच्या जैविक झडपा डुकराच्या किंवा गोवंशाच्या. रुग्णाचा आक्षेप आधी कळला तर काही वेळा पर्याय निघतो, जसं फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनवलेलं औषध. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळला तर कुणाच्याच हातात काही राहत नाही. एमआरआयपूर्वी अंगावरचे धातूचे ताईत, कडी, पदकं उतरवावीच लागतात. ती कचऱ्यासारखी ट्रेमध्ये टाकण्याऐवजी नाव लिहिलेल्या पिशवीत घालून नातेवाइकाच्या हाती द्यावीत.

आता खोली. भिंतीवर कायमचं चिन्ह नको. चिन्हं, ग्रंथ, आसनं कपाटात ठेवावीत. खाट सलाइनच्या स्टँडसह आत यायला हवी. व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. नर्सला बोलावण्याची घंटा आणि विजेचा सॉकेट आतच हवा. मक्केची दिशा मोबाइलच्या होकायंत्राने ठरवू नये. इमारतीतलं पोलाद आणि एमआरआयचं चुंबक सुईला चकवतात. इमारतीच्या नकाशावरून कोन काढून छतावर बाण रंगवावा.

पाण्याची जागा मात्र खरी डोकेदुखी. प्रार्थनेआधी हातपाय धुण्यासाठी बसकं, घसरणार नाही असं न्हाणीघर लागतं, आणि चटका बसू नये म्हणून पाणी कोमट ठेवतात. न्यूमोनिया घडवणारा लिजिओनेला जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसमध्ये फोफावतो. गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या झडपेपुढच्या नळीतलं कोमट पाणी आठवडाभर साचून राहिलं की त्याची सोयच झाली. म्हणून गरम पाणी ६० अंशांवर साठवायचं, मिश्रण अगदी नळाजवळ करायचं आणि वापर कमी असलेले नळ आठवड्यातून किमान दोनदा काही मिनिटं वाहू द्यायचे. पवित्र पाण्याची उघडी कुंडी तर नकोच. व्हिएन्नातल्या संशोधकांना चर्च आणि रुग्णालयांतल्या प्रार्थनास्थळांच्या अशा पाण्यात जिवाणूंची संख्या प्रचंड आढळली, आणि गर्दीच्या ठिकाणी सर्वांत जास्त.

मेणबत्ती आणि धूप यांना रुग्णालयात बंदी असते ती धुरामुळे वाजणाऱ्या घंटेसाठीच नव्हे. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. नाकात नळी लावलेल्या माणसाच्या चेहऱ्याजवळ आणि कपड्यांत तो वाढतो, आणि अशा कापडाला ठिणगी लागली तर ते भडकतं. नळी काढल्यावरही काही वेळ तो कापडात टिकतो. अल्कोहोलचा हँडरबही ज्वालाग्राही आहे. बॅटरीवरचे दिवे पुरेत.

आणि प्रार्थनाकक्षातली वही. ‘अमुक खाटेवरच्या माझ्या भावाच्या किडनीसाठी’ असं लोक मोकळेपणाने लिहितात, आणि ती पानं येणारा-जाणारा कुणीही वाचतो. वहीऐवजी चिठ्ठ्यांची कुलूपबंद पेटी ठेवावी, ‘फक्त पहिलं नाव लिहा’ अशी पाटी लावावी आणि ठरलेल्या दिवशी चिठ्ठ्या काढून त्या कागद कातरण्याच्या यंत्रात घालाव्यात.